मानाई कालव्याची फिल्म

चिंतामणराव करमाळकरांना फिल्म काढायची मुळीच नव्हती, हे आधी स्पष्ट केलेले बरे. नंतर नव्या पेठेत जे काही बोलले गेले त्यावरून पुष्कळांचा असा समज झाला, की हायस्कुलात इतिहास शिकवता शिकवता या गृहस्थाचे डोके फिरले आणि ते कंपनी काढायला निघाले. वस्तुस्थिती इतकीच, की त्यांना वाहत्या पाण्यावर सुंदरी वाजवून घ्यायची होती. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. आकाराने वीतभर आणि आवाजाने पेठभर.

गावच्या नाट्यमंडळीत चिंतामणराव कित्येक वर्षे विंगेत पुस्तक धरून उभे राहत. विसरणाऱ्या नटाला टाळ्या मिळत आणि आठवण करून देणाऱ्याला डास. त्यांच्या तोंडून निघालेले वाक्य अख्ख्या थेटराने ऐकले, पण ते त्यांचे म्हणून कोणी ऐकले नाही. शेवटी त्यांनी मंडळी सोडली आणि 'जलकलासंवर्धक मंडळ' स्थापन केले. मानाई तलावातून निघणारा कालवा शहराबाहेर कडूनिंबांच्या रांगेतून जातो. तिथे पाण्यावर तराफा असावा, तराफ्यावर वादक असावेत, झाडांना चित्रे टांगावीत, काठावर सतरंज्या घालाव्यात, आणि आरंभी एक प्रास्ताविक भाषण व्हावे, अशी योजना होती. भाषण चिंतामणराव करणार होते. खरे सांगायचे तर तराफा, चित्रे आणि सतरंज्या हे सगळे त्या भाषणाच्या सोयीसाठी होते. भाषण लिहून तयार होते. त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी ते दोनदा ऐकले होते, एकदा जागेपणी.

मंडळाचे अध्यक्ष वकील वेणीमाधवराव मंगळवेढेकर. वकील अध्यक्ष नसला की सोलापुरात मंडळ आहे असे कोणी धरत नाही. खजिनदार कल्लप्पा मैंदर्गी, नव्या पेठेतले कापडवाले. त्यांचे संगीताविषयीचे मत कोणाला ठाऊक नव्हते. पण दुकानात चादर मोजताना ते ती अशी ताणत, की घरी गेल्यावर ती निःश्वास टाकून आखूड होई. असा मनुष्य तिजोरीपाशी हवा यावर सर्वांचे एकमत झाले.

कालव्यावर काही करायचे तर कालवा कचेरीची परवानगी हवी. चिंतामणराव उपरणे नीट करून कचेरीत गेले. कारकुनाने छापील अर्ज पुढे ओढला आणि पीक कोणते ते विचारले. चिंतामणरावांनी संगीत असे सांगितले. कारकुनाने मान वर न करता खरीप की रब्बी ते विचारले. सायंकाळी, असे उत्तर मिळाल्यावर त्याने मान वर केली. पाणी किती लागेल, या प्रश्नावर चिंतामणरावांनी खुलासा केला, की मंडळ पाणी घेणार नाही, केवळ त्याच्याकडे पाहणार आहे.

"पाहण्यासाठी पाणी सोडण्याची तरतूद नाही," कारकून म्हणाला. "भिजवायचे असेल तर बोला."

अखेर संगीत हे 'इतर भाजीपाला' या सदरात घालण्यात आले आणि अर्ज वर गेला. वर म्हणजे मोठ्या इंजिनिअर साहेबांकडे. साहेब विलायतेचे, बोलणे मोजके. त्यांनी ओव्हरसियरमार्फत कळवले, की हा प्रकार नेमका काय आहे हे त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. मंडळाने तो दाखवावा, मग विचार करता येईल. दाखवायचा कसा, तर परवानगीशिवाय कार्यक्रम करता येत नाही, आणि कार्यक्रम पाहिल्याशिवाय परवानगी देता येत नाही. शेवटी ओव्हरसियरनेच तोड काढली. दिवसभर तराफा बांधू देतो, त्याची फिल्म घ्या, साहेब फिल्म पाहतील. कागदोपत्री कार्यक्रम झालेला नसेल.

ही बातमी चिंतामणरावांच्या चाळीत पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर वर आले आणि म्हणाले, की देव नसलेली फिल्म आजवर चालली नाही, निदान एक मारुती तरी घालावा. समोरच्या वैद्यांचे म्हणणे पडले, की पाणी आहे तर कोणी तरी बुडले पाहिजे. पूर्ण बुडू नये, पण प्रेक्षकाला तशी आशा वाटावी. वैद्यांनी या कामासाठी पोस्टमास्तरांचे नाव सुचवले. बायकांनी गोदावरीबाईंना पिछाडीच्या नळावर गाठून तुम्हीही फिल्मीत आहात का म्हणून विचारले, आणि त्या नाही म्हणाल्यावर, असत्या तरी काय बिघडले असते, असे ज्या स्वरात म्हटले त्या स्वरामुळे गोदावरीबाईंनी त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातले.

फिल्म घेणारा जोतीराम. त्याचे फोटोचे दुकान होते आणि एका बुडालेल्या फिरत्या कंपनीकडून त्याने हाताने फिरवायचे यंत्र घेतले होते. आजवर त्याने फोटोच काढले होते, त्यामुळे समोरची माणसे हलू लागली की तो अजूनही दचकत असे. बोलपट मुंबईला येऊन पोचल्याची बातमी होती, पण सोलापुरात पडद्यावरची माणसे मुक्यानेच भांडत होती, आणि जोतीरामचे यंत्रही मुकेच होते.

ठरल्या दिवशी सगळे कालव्यावर जमले. पाणी सोडण्याची पाळी नुकतीच संपलेली, त्यामुळे कालव्यात गुडघाभर पाणी आणि तेही असे संथ, की तराफा निघाला आहे हे काठावरच्या कडूनिंबांशी ताडून पाहावे लागे. तराफ्यावर सुंदरीवादक बाळू बसला. त्याच्या शेजारी वकीलसाहेबांची खुर्ची ठेवली. आता तराफ्यावर अध्यक्षांची खुर्ची कशाला, हा प्रश्न परक्या मुलखातल्या माणसालाच पडेल. आमच्याकडे चार माणसे एकत्र उभी राहिली की सभा होते, आणि सभा म्हटली की अध्यक्षांची सूचना, तिला अनुमोदन, हार, प्रास्ताविक, समारोप आणि आभार हे आलेच. यातले एक गाळणे म्हणजे लग्नात मंगलाष्टके गाळण्यासारखे. फिल्म मुकी आहे, भाषणे ऐकू येणार नाहीत, असे जोतीरामने एकदा सांगून पाहिले.

"मुकी असेल," वेणीमाधवराव म्हणाले, "पण असभ्य असण्याचे कारण नाही."

तेव्हा सूचना झाली, अनुमोदन झाले, चिंतामणरावांनी प्रास्ताविकातले निवडक उतारे म्हटले, वकीलसाहेबांनी हार स्वीकारला, समारोप केला आणि आभारही झाले. मधूनमधून बाळूने सुंदरी वाजवली. तराफ्याला दोर बांधून दोन माणसे काठाने ओढत होती आणि मध्येच तंबाखू मळायला थांबत होती.

आणि इथेच ती गोष्ट घडली, जी दुसऱ्या कुठल्या गावात घडली नसती. कल्लप्पा खजिनदार या नात्याने यंत्रापाशी उभे होते. जोतीराम दांडा फिरवी आणि आत फिल्म सरके. कल्लप्पांनी ते सरकणे थोडा वेळ पाहिले. हे उघड उघड कापड होते. आणि हा मनुष्य गिऱ्हाइकाने भाव विचारण्याआधीच ताग्यामागून तागा उलगडत होता.

"निधान, निधान," ते आपल्या कानडीत म्हणाले, आणि मग मराठीत, "सावकाश की हो जोतीराम. एवढ्याच फिल्मीत दोन फिल्मी बसतील."

जोतीरामने दांडा सावकाश केला. फिल्म वाचते आहे असे पाहून कल्लप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी जोतीरामच्या मनगटावर बोट ठेवले आणि वैद्याने नाडी धरावी तसे ते दिवसभर धरून ठेवले. संध्याकाळी हिशेब केला तेव्हा निम्मी फिल्म कोरीच उरली होती. कल्लप्पांचा मंडळाने टाळ्या वाजवून गौरव केला. तोही जोतीरामने टिपला, सावकाश.

बाजारच्या दिवशी थेटरात मुख्य चित्रपटाच्या आधी ही फिल्म दाखवायचे ठरले. साहेब मडमेसह वरच्या खुर्च्यांवर आले. चिंतामणराव त्यांच्या मागे, अध्यक्ष बाजूला. खाली जमिनीवरच्या जागेत बाजाराला आलेली खेड्यातली मंडळी घोंगड्या पसरून बसली होती.

सावकाश भरलेली फिल्म नेहमीच्या चालीने सोडली की पडद्यावर सगळे पळत सुटते, हे शास्त्र गावाला त्या संध्याकाळी कळले. यंत्रवाला आपल्या ठरल्या वेगाने यंत्र चालवत होता. त्याला सोलापुरी काटकसर कोणी कळवली नव्हती. पडद्यावर कालवा उगवला तोच महापुरासारखा. त्यातून तराफा सुटला तो बाणासारखा, आणि त्याच्यापुढे दोर ओढणारी दोन माणसे वाघ मागे लागल्यासारखी. वकील वेणीमाधवराव उठले, बसले, उठले. कोणी तरी त्यांच्या गळ्यात हार असा घातला, की जनावर धरल्यासारखे वाटावे. मग चिंतामणराव पुढे आले आणि त्यांचा जबडा शिवणयंत्रासारखा चालू लागला. आभारप्रदर्शन ही सरळ सरळ मारामारी होती. बाळूची बोटे सुंदरीवर दिसेनाशी झाली होती आणि त्याच्या गालांची धडगत वाटत नव्हती. खाली शिट्ट्यांचा पाऊस पडला. पिटातून कोणी 'वकील, पळा' म्हणाले. मडमेने रुमाल तोंडाशी धरला. साहेब हसले नाहीत. साहेब पाण्याकडे पाहत होते.

पाण्याकडे आणखी दोन माणसे पाहत होती. हुलगेवाडीचा तात्याबा आणि त्याची बहीण फुलाबाई मेंढरे विकायला बाजाराला आली होती. हुलगेवाडी मानाई कालव्याच्या अगदी शेपटाला, जिथे कालव्याची नुसती चिंचोळी चारी उरते. कडूनिंबांची ती रांग त्यांच्या ओळखीची. दिवे लागल्यावर ती दोघे जिन्याशी येऊन उभी राहिली. अपमानाने कान तापलेले चिंतामणराव भिंतीच्या कडेने निसटत होते, त्यांना तात्याबाने हात जोडले.

"मास्तर, ते पडद्यावर व्हात हुतं ते मानाईचंच पानी न्हवं?"

त्या संध्याकाळी हसण्याखेरीज दुसरे काही करणारा हा पहिला प्रेक्षक. चिंतामणरावांचा ऊर भरून आला. मानाईचेच, ते म्हणाले. जलकलेसाठीच तो भाग निवडला.

"आन् लई येळ चाललं का?"

"दिवसभर," चिंतामणराव अभिमानाने म्हणाले.

फुलाबाईने भावाकडे पाहिले. "ऐकलंस? दिसभर. हितं पिपानी वाजवायला नदी सोडत्यात, आन् आमच्या चारीत बेडूक बी न्हाय जगला." मग ती चिंतामणरावांकडे वळली. "लई उपकार झालं मास्तर. तुमी दावलंसा म्हनून कळलं."

दुसऱ्या दिवशी अख्खी हुलगेवाडी कालवा कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. ओव्हरसियर त्यांना समजावून समजावून घामाघूम झाला. त्या दिवशी कालव्यात गुडघाभर पाणी होते आणि तेही उभे होते, असे त्याने शपथेवर सांगितले. डोळ्याने बघितलेय, असे हुलगेवाडीने सांगितले. आणि फुलाबाईने पुस्ती जोडली, की फुकट नव्हे, तिकीट काढून बघितलेय. फिल्म खोटी आहे असे म्हणण्याची सोय कचेरीला नव्हती, कारण ती कचेरीनेच पुरावा म्हणून मागवलेली. कचेरीने मागवलेला पुरावा खोटा ठरला तर मग कचेरीच खरी कशी ठरणार, या पेचात ओव्हरसियरचे जेवण राहिले.

चिंतामणरावांना कचेरीकडून दोन पत्रे एकाच टपालाने आली. पहिल्यात म्हटले होते, की मंडळाची नौका मोटरवर चालत असल्याचे फिल्मीवरून दिसून येते. अशा वेगाच्या नौकांमुळे कालव्याचे काठ ढासळत असल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे. दुसऱ्यात विचारले होते, की सदर दिवशी एवढे पाणी कोणाच्या हुकमाने सोडले, याचा मंडळाने खुलासा करावा. चिंतामणराव दोन्ही पत्रे घेऊन धावत गेले आणि खरा प्रकार सांगू लागले. पाणी संथ होते, तराफा संथ होता, वकीलसाहेब तर फारच संथ होते. जे काही झाले ते कल्लप्पांच्या काटकसरीने झाले. कारकुनाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि काटकसरीने पाणी वाढल्याचे उदाहरण या खात्यात नाही, असे नोंदवले.

घरी गोदावरीबाई म्हणाल्या, "तुम्ही जन्मात कधी एवढ्या लगबगीने चालला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण माझी साक्ष कोण काढतो?"

पेठेतून जाणे अवघड झाले. पोरे मागून झपझप चालून दाखवीत. नाट्यमंडळीतल्या जुन्या स्नेह्यांनी निरोप धाडला, की विंगेतली जागा अजून रिकामी आहे, राग सोडा. वकील वेणीमाधवरावांनी प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपद सोडले. पडद्यावर ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना प्रकृतीचे कारण पटले नाही. कल्लप्पा मात्र खंबीर राहिले. उरलेल्या निम्म्या फिल्मीत खुलासा काढता येईल, असे त्यांचे मत होते, आणि तो जरा भराभर फिरवायलाही त्यांची तयारी होती. चिंतामणरावांनी ते भाषण ट्रंकेत, हिवाळ्याच्या कपड्यांखाली घातले.

पण कचेरी अशी सहजासहजी हरत नाही. साहेबांनी विचार केला, की पाणी सोडलेच नव्हते असे म्हणावे तर फिल्म आडवी येते, सोडले होते म्हणावे तर ते कुठे गेले हे सांगावे लागते. तेव्हा असे ठरले, की फिल्मीत दिसलेले पाणी हे शेपटापर्यंत पाणी पोचते की नाही हे पाहण्याच्या चाचणीचा पूर्वभाग होता. उत्तरभाग लवकरच हुलगेवाडीस होईल. आणि पूर्वभागाला जलकलासंवर्धक मंडळ हजर होते असे कागदोपत्री झाले असल्याने उत्तरभागालाही ते हजर असले पाहिजे. म्हणजे परवानगी नाकारलेल्या कार्यक्रमाचा हुकूमच निघाला. नौका आणू नये, एवढी अट होती. हुलगेवाडीच्या चारीत बैलगाडीही आडवी बसत नसल्याने ती पाळणे जड गेले नाही.

चिंतामणरावांनी ट्रंक उघडली.

हुलगेवाडीला कडूनिंब नव्हते. चार बाभळी, एक बिरोबाचे ठाणे, आणि जिथे चारी वळते तिथे मातीचा बांध, पलीकडे ओढा. पण माणसे होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून, पोरेबाळे पाठुंगळी घेऊन, फावडी आणि पाट्या घेऊन इतकी माणसे आली, की नाट्यमंडळीला एवढी कधी मिळाली नसतील. एवढ्यांपुढे बोलायचे या कल्पनेने चिंतामणरावांनी उपरणे दोनदा नीट केले. वळणावरच्या बांधावर शाळेतले टेबल ठेवले होते. त्यांनी कागद काढले, 'रसिकहो' म्हटले, आणि सगळ्या रसिकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

पाणी येत होते. लांबून, चारीच्या कोरड्या तळातून, पाचोळा पुढे ढकलत, भेगांत शिरत, थांबत, पुन्हा निघत, मातकट तोंड घेऊन ते येत होते, आणि त्याच्या बरोबरीने दोन्ही काठांनी माणसे चालत होती. म्हाताऱ्यांनी पायताणे काढली. बाळूलाही काय वाटले कोणास ठाऊक, तो गाडीवरून उतरला आणि सुंदरी वाजवत पाण्याच्या तोंडाबरोबर चालू लागला. चिंतामणराव टेबलापाशी एकटे राहिले. त्यांनी पुन्हा एकदा 'रसिकहो' म्हणून पाहिले. उत्तरादाखल बिरोबाच्या ठाण्याशी बांधलेले एक मेंढरू ओरडले.

एवढ्यात पाणी वळणाशी आले, आणि कित्येक वर्षे कोरड्या पडलेल्या, घुशींनी आतून पोखरलेल्या त्या बांधाला ते सोसले नाही. टेबलाच्या पायाखाली माती सुटली. टेबल गेले, आणि त्याच्या मागोमाग चिंतामणराव, कागद डोक्यावर धरून, थेट खिंडारात. कमरेपर्यंत चिखल. पाणी त्यांच्यावर आदळले, तुंबले आणि थांबले. त्यांनी बाहेर पडायला एक पाय उचलला.

"मास्तर, हलू नका," फुलाबाई काठावरून ओरडली. "तितंच उभं ऱ्हावा. तुमी निगालासा तर समदं पानी वड्याला जातंय."

चिंतामणरावांनी पाय परत ठेवला. चहूकडून माणसे धावली. बाभळीच्या फांद्या आल्या, दगड आले, पाट्यापाट्यांनी माती त्यांच्या भोवती पडू लागली. म्हातारे, बायका, पोरे, सगळी त्यांच्याकडे तोंड करून उभी होती आणि कोणाचीही नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. ओव्हरसियरसुद्धा श्वास रोखून त्यांच्याकडेच पाहत होता.

"गार पडलासा व्हय?" तात्याबाने माती टाकता टाकता विचारले. "बोला की कायबी. बोलनार हुतासा न्हवं?"

चिंतामणरावांनी हातातले कागद उघडले. कडा भिजल्या होत्या, पण अक्षर शाबूत होते. त्यांनी घसा साफ केला आणि 'रसिकहो' पासून सुरुवात केली. जल आणि कला यांचा संबंध, प्राचीन घाट, पाण्याचा निनाद हे सगळे क्रमाने आले. कोणी निघून गेले नाही, कोणाला जाता येत नव्हते. एका पोराने सुंदर वाक्यापाशी आईला विचारले, की मास्तर काय म्हणतात. आईने सांगितले, गप, बांध धरलाय त्यांनी. आवाज चढत गेला. बाळू जवळ येऊन पाणी अंगावर घेत अदबीने उभा राहिला.

हळूहळू माती बसली, पाणी वळले आणि चारीत नीट लागले. पुढच्या रानातून कोणी आरोळी दिली. फुलाबाईने बांधावर दोन्ही पायांनी नाचून तो घट्ट असल्याची खात्री करून घेतली आणि खाली हात दिला.

"झालं मास्तर. या भाईर आता, बांद धरला."

चिंतामणरावांनी हातातल्या उरलेल्या पानांकडे पाहिले. मग काठावरच्या त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिले.

"मला अजून जरा कच्चा वाटतो," ते म्हणाले, आणि त्यांनी पान उलटले.